एम्मीसाठी काठी

१४ मे २०१७, रविवार

गोकुळ रोडला मंजुनाथकडे जाऊन आले. ठरलं एकदाचं. अण्णासाठी गळाची काठी बांधून घ्यायची, तयार आणायची नाही. तयार काठ्या धडधाकट माणसासाठी असतात. उंच, तरुण, दोन्ही हातांत जोर असलेला असा कोणीतरी कारखानदाराच्या डोक्यात असतो. माझा भाऊ त्यात बसत नाही. मी तरी कुठे बसत होते, पण मी आयुष्यभर चालवून घेतलं.

मं.चं पुढे लेथचं वर्कशॉप, मागच्या खोलीत काठ्या. शौक म्हणून बांधतो. दोन दांडे दाखवले. नुसता दांडा, त्यावर अजून काही नाही, त्याला तो ब्लँक म्हणतो. कार्बनचा हलका, पण दगडावर आपटला की न दिसणारी चीर जाते, नि एक दिवस ऐन माशाला मोडतो. काचेच्या धाग्याचा सोशिक, पण जड. अण्णाच्या हाताला जड नको. आमच्या दगडावर, एम्मीवर, नाजूक चालत नाही. घरी येईपर्यंत काही ठरलं नाही.

२१ मे, रविवार

मं.चे प्रश्न. दगड पाण्यापासून किती उंच? वारा कुठल्या अंगानं? समोर वाळू की खडक? मासा लागला की वर उचलता की कडेनं ओढत नेता? म्हणाला, "अक्का, उभारायची जागा कळल्याबिगर काठी होत नाही बघा."

सगळं सांगितलं, गाव सोडून. "कारवारकडं काय?" म्हणाला. "समुद्राकडं," म्हटलं. हसला.

एम्मी म्हणजे म्हैस. अण्णाची नोकरी घाटाखाली होती तेव्हा त्याला हा दगड सापडला. काळी ओली पाठ, एका बाजूला उंचवटा. घरी आम्ही "एम्मीकडं जाऊ या का" म्हणायचो नि आई विचारायची, दूध किती देते. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते. तळ्यावर, पुलावर, बंदरावर, कुठेही बाईच्या हातात गळ दिसला की चार जण उभे राहतात. काय मिळालं, कोणाबरोबर आलात, मालक कुठे आहेत. एम्मीवर कोणी येत नव्हतं. तिथे मी गुडघ्यापर्यंत साडी खोचून उभी राहिले, मासा सुटला तर शिव्या घातल्या, नि बघायला फक्त अण्णा. तो तेव्हा म्हणाला होता, "हे तुझं नि माझं. मेलो तरी कुणाला सांगत नाही." वैनीलाही सांगितलं नाही. जागा मी इथेही लिहिणार नाही.

११ जून, रविवार

शाळा सुरू. नववीचं गणित पुन्हा माझ्याच गळ्यात.

खालच्या मजल्यावर जाऊन अण्णाच्या हाताची मापं घेतली, शिंप्याच्या टेपने. काखेपासून मनगट, मग मुठीचा घेर. उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर अजून तसाच. अंगठा नि मधलं बोट कसेबसे एकमेकांना टेकतात. मं.ला हे हवं होतं, काठीची मूठ किती जाड करायची ते त्यावरून ठरतं. अण्णाचा ठरलेला विनोद झाला: "सुमे, बलगईला बलच नाही बघ." कानडीत बलगई म्हणजे उजवा हात. डॉक्टरला, वैनीला, दूधवाल्याला, सगळ्यांना ऐकवून झालाय. मी तरी हसते. बोलताना जीभ जड होती तेव्हा हाच विनोद त्याने पहिल्यांदा धड केला होता.

म्हणाला, "पाऊस संपला की जायचं?"

म्हटलं, काठी होऊ दे, मग जाऊ.

२ जुलै, रविवार

दांडा ठरला. मिश्र, कार्बन नि काच दोन्ही. लांबी नेहमीपेक्षा कमी. दूर फेकायचंच नाहीये, एम्मीच्या पायाशीच खोल आहे.

दोरी ज्यातून जाते त्या कड्या आल्या. परत पाठवल्या. पायाची तार बारीक होती, खाऱ्या हवेत वर्षभरात गंजेल. दोन पायांच्या हव्यात, नि आतलं कडं काचेसारखं गुळगुळीत. शिवाय पहिली कडी मोठी हवी, अण्णा आता दोरी सरळ सोडू शकणार नाही, ती भेलकांडत येणार. मं. म्हणाला, "टीचर लोक पेपर तपासल्यासारखं तपासतात." तपासणारच. माझ्या भावाच्या हातात द्यायचीय.

दुसऱ्या मागवल्या. वेळ लागेल म्हणे.

३० जुलै, रविवार

आज अण्णाला रिक्षाने वर्कशॉपला घेऊन गेले. किती दिवसांनी शर्ट इस्त्रीचा.

मं.ने दांड्याचा कणा शोधला. टोक फरशीवर टेकवायचं, मध्ये तळहाताने दाबायचं नि हळूहळू फिरवायचं. एका जागी दांडा उडी मारतो, तिथे त्याचा कणा. कड्या त्या रेषेत बसवल्या की काठी हातात वळत नाही. अण्णाने डाव्या हाताने करून पाहिलं. उडी लागली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी पुढे धाग्यांचे रंग बघत होते. मागे दोघांचं कानडीत चाललं होतं, हळू आवाजात, मध्येच हशा. आजारपणानंतर अण्णा कोणाशी इतकं बोललेला ऐकला नव्हता. मुद्दाम रंग बघण्यात वेळ काढला.

परत येताना म्हणाला, "चांगलाय गं पोरगा." पोरगा कसला, पन्नाशीला आला.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती. वैनीचे मोदक, नंतर माझी झोप.

नव्या कड्या बऱ्या आहेत. धागा गर्द हिरवा, कडेला दोन वेढे पिवळे. रीळ जिच्यावर आवळून बसवतात ती बैठक मात्र अजून पसंत नाही. मं.कडे आहेत त्यांचा आटा बारीक, अण्णाच्या बोटांनी फिरणार नाही. मोठ्या आट्याची हवी. चेन्नईहून येते म्हणे.

अण्णा: "सुमे, तू काठी करायलीस का लग्न जमवायलीस? माझी जुनी आहे की माळ्यावर."

म्हटलं, जुनी तुला पेलणार नाही, फेकताना खाली जाशील नि मला मागून उडी मारावी लागेल.

"एक तयार आणली तरी चालतंय."

"चालत नाही."

तोंड फिरवून बसला. लागलं असेल तर लागू दे, मी काय माझ्यासाठी करतेय?

२४ सप्टेंबर, रविवार

अण्णा दिवसभर धारवाडला, जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे. मित्राची गाडी न्यायला आली होती. अंधार पडल्यावर आला. मान नि नाक लालबुंद. म्हणाला, त्यांच्या गच्चीवर बसलो होतो, ऊन लागलं. दमला होता पण खूश. जेवताना डाव्या हाताने दोनदा भात मागून घेतला. वैनी त्याच्याकडे नि तो ताटाकडे.

बरं वाटलं त्याला असं बघून. घराबाहेर पडायला लागला.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज रविवार नाही, तरी लिहिते.

मधल्या सुट्टीत मं.चा फोन. चेन्नईची बैठक आली, आता ती नि मूठ चिकटवायची, एवढंच राहिलं. विचारलं, वरचा हात कुठला? दुसऱ्या, खालच्या हाताखाली मूठ जाड करायची आहे. मी घाईत कानडीत म्हटलं, "बलद कै म्याल." माझ्या डोक्यात बळाचा हात, म्हणजे आता डावा. हुबळीत जन्म गेला तरी घाईत माझी कानडी मराठीवरूनच चालते. त्याने अर्थातच ऐकलं, उजवा हात वर.

तो लगेच म्हणाला, "इल्ल अक्का. अण्णारु येडगई म्याल हिडीतार. ना नोडेनि." अण्णा डावा हात वर धरतात, मी पाहिलंय.

मला वाटलं वर्कशॉपमध्ये पाहिलं असेल. पण त्या दिवशी अण्णाने काठी धरलीच नव्हती, नुसता दांडा फरशीवर फिरवला होता. म्हणून विचारलं, कुठे पाहिलंस.

"एम्मी म्याल," म्हणाला. एम्मीवर.

फोनवर लेथचा आवाज येत होता. घंटा झाली. मी वर्गात जाऊन फळ्यावर समीकरण लिहिलं नि ते सोडवायला विसरले.

मी त्याला उंची सांगितली होती. वारा, तळ, सगळं सांगितलं होतं. एम्मी हा शब्द मी त्याच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेतून थेट खाली गेले, चप्पल न काढता.

"धारवाडला गच्चीवर ऊन लागलं काय?"

त्याने पेपर खाली ठेवला. एका हाताने घडी घालत बसला. मग म्हणाला, "कोण बोललं?"

हे पहिलं वाक्य. 'चुकलं' म्हणाला नाही. कोण बोललं.

दोनदा गेला. मं. नि त्याचे दोन मित्र, गाडी करून. दोघांनी बगलेत धरून खाली उतरवला, एम्मीच्या पाठीवर खुर्ची मांडून बसवला. मं.ची तयार काठी. एक तांबोशी मिळाली, तिथेच भाजून खाल्ली.

मी: मला का नाही सांगितलं?

तो: "सांगितलं असतं तर काठी झाली नाही म्हणाली असतीस."

मी: मग थांबायचं होतं.

तो: "किती? तू कड्या परत धाडायलीस, आटे मोजायलीस. मला काठी नको होती गं सुमे. एम्मी पायजे होती."

मी: मग मला न्यायचं.

तो: "तुझ्याच्यानं मला उतरवणं झालं असतं काय? दोन गडी लागले."

हे खरं असेल. पण मेलो तरी सांगत नाही म्हणणारा हाच होता नि तो चांगला जिवंत आहे. ज्याच्यासाठी मी पाच महिने हे केलं तो माझ्या पाठीमागे चार अनोळखी हातांना माझी जागा देऊन आला. माझी म्हणतेय मी. त्याला अख्खा समुद्र होता, कुठेही उभा राहिला असता तरी कोणी विचारलं नसतं. मला तेवढा एकच दगड होता.

वैनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "डबा मीच दिला होता. त्याला इतकं हसताना बघून मी कशी नाही म्हणू?" म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. वर राहते ती एकटीच बावळट.

१५ ऑक्टोबर, रविवार

खाली गेले नाही. वैनीने दोनदा चहाला हाक मारली, पोट बिघडलंय सांगितलं.

दुपारी गोकुळ रोड. काठी घ्यायची नाही, नकोच, असं सांगायला गेले होते. मं. माझ्यासाठी खुर्ची पुसत उभा. "अण्णारु स्वतः बोलले, अक्का. मी विचारलो नाही. अर्धी जागा तुम्हीच सांगितलेली, बाकीची त्यांनी. मला वाटलं, भाऊ-बहिणीचं ठरलंय."

यात खोट काढता येत नाही, म्हणून जास्तच राग आला. दगड किती उंच, वारा कुठून, मासा कुठल्या कडेने न्यायचा. सगळी उत्तरं माझ्याच तोंडून गेली. शाबासकी मिळवणाऱ्या मुलीसारखी हात वर करून दिली होती.

काठी कोपऱ्यात उभी होती. हिरवा धागा, वर व्हार्निशचा थर आरशासारखा. कड्या एका रेषेत. फार सुंदर झालीय. नको असं म्हणायला गेलेली मी तिच्याकडे पाठ करून बाहेर आले, तेवढंच. तो मागून म्हणाला, "बैठक चिकटवली नाही अजून. तुम्ही सांगा, मग."

२१ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज. ओवाळलं. न ओवाळून वैनीला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगत बसण्यापेक्षा ओवाळणं सोपं. आज त्याच्या हातात काठी द्यायची असं मे महिन्यात ठरवलं होतं. ताट फिरवताना मी त्याच्या टोपीकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत होता, ते मला दिसत होतं.

ओवाळणी डाव्या हाताने घातली. उजव्याने घालायला गेला होता, जमलं नाही. विनोद केला नाही त्याने आज.

मी करंजी खाऊन वर आले.

२३ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी आहे. पहाटेची बस पकडून एकटी गेले. घरी कोणाला सांगितलं नाही. मीही करू शकते.

बसमधून उतरून सड्यावरची वाट, मग करवंदीच्या जाळ्या, मग खाली. वाट रुंद झाली होती. एका जाळीला प्लास्टिकची पिशवी अडकलेली.

एम्मीवर तीन माणसं. मं. नव्हता. त्याचे मित्र की मित्रांचे मित्र, देव जाणे. मधोमध ती खुर्ची. एकाने मला बघितलं, माझ्या हातातली काठीची लांब पिशवी बघितली, नि चांगलं तोंड भरून हसला. "बर्री अक्का, बर्री," म्हणाला. सरकून जागा करून दिली. दुसरा म्हणाला, सांभाळून या, पाठीवर शेवाळ आहे.

माझ्याच दगडावर मला जागा करून दिली. शेवाळ कुठे आहे ते मला सांगितलं. वाईट वागले असते तर भांडले असते. चांगलं वागणाऱ्या माणसांशी काय भांडायचं? मग ठरलेला प्रश्न आलाच: "एकट्याच आलात काय?"

पिशवी न उघडता परत फिरले. बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली, वारा लागतोय असं समजून.

आता लिहिताना वाटतं, अण्णाने दगड दिला याचं दुःख कमी आहे. आपल्या दोघांचा शब्द कोणीही उच्चारावा असा करून टाकला, ते जास्त लागलं. एम्मी. आता ती नुसती म्हैस.

२९ ऑक्टोबर, रविवार

मं.चा फोन. काठी नुसती उभी राहिली तर ओल धरेल, बैठक आज-उद्या चिकटवायला हवी. "अक्का, गम बसला की हलत नाही. माप अण्णारुंचंच ना? की तुमचं?" त्याने सहज विचारलं. माझ्या डोक्यात तोपर्यंत हे आलंही नव्हतं. माझा हात आखूड, बैठक चार बोटं खाली येईल, मूठ बारीक लागेल. अण्णाला मग ती पेलणार नाही. माझ्या मापाची काठी माझ्याकडे कधीच नव्हती.

कळवते म्हटलं.

टेप काढून स्वतःचा हात मोजला. मोजताना जिन्यावर आवाज. एक पाय, थांबणं, मग दुसरा. झटका आल्यापासून अण्णा वर आलेला नाही. कठड्याला धरून, मध्ये बसत बसत आला नि शेवटच्या पायरीवर बसून राहिला, श्वास लागलेला. मी उठले नाही. टेप गळ्यात तसाच.

धाप ओसरल्यावर म्हणाला, "जाऊन आलीस म्हणे एम्मीवर. मंजू सांगायला होता, एक अक्का आली नि परत गेली."

मी: गर्दी होती.

तो: "हं."

मग: "त्या खुर्चीवर बसलो नि मागं वळून बघितलं, सुमे. तू काय बोलतीस ते ऐकायला. तिकडं ते दोघं मोबाइल बघायलेले."

हे सांगून तो सुटू पाहतोय असं मला वाटलं. अजूनही वाटतं. माफी मागायची तर शब्द आहेत मराठीत, कानडीतही आहेत.

त्याने बाही वर केली, डाव्या हाताने, नि उजवा हात गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे सरकवला. "माप परत घे. शर्ट ढिला व्हायलाय."

घेतलं. जूनमध्ये अंगठा नि मधलं बोट टेकत होते. आज टेकले नाहीत. मी माझ्या हाताने मिटवून पाहिली मूठ, तरी मध्ये फट राहिली. जूनचं माप आता उपयोगाचं नाही. तोही त्या फटीकडे बघत होता.

माप घेतलं म्हणजे माफ केलं असं नव्हे, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक आहे की."

तो अजून पायरीवरच बसलाय. खाली उतरवायला वैनीला हाक मारावी लागेल, मला एकटीला जमणार नाही. टेपवर दोन मापं आहेत, त्याचं नि माझं, दोन्हीकडे पेनाने खूण केलीय. मंजुनाथला फोन केलेला नाही.